लेकीच्या ओढीचा किनारा

आमच्या गुहागरच्या घरात ओटीवर दोन घड्याळं आहेत. एक आपलं नेहमीचं आणि शेजारी दुसरं न्यूझीलंडच्या वेळेचं. लेक लग्न होऊन ऑकलंडला गेली तेव्हा ह्यांनी ते लावलं. तिकडे उन्हाळा असला की ते आपल्यापुढे साडेसात तास, हिवाळा असला की साडेसहा. वर्षातून दोनदा त्याचे काटे फिरवायचे, हे काम ह्यांचं. मी हात लावलेला त्यांना खपायचा नाही.

२०१९ साली ह्यांनी हौसेने पासपोर्ट काढला. मे २०२० ची तिकिटं झाली. नातीला पहिल्यांदा मांडीवर घ्यायचं म्हणून माणूस हरखून गेला होता. तिकडे खाण्याचे पदार्थ न्यायचे तर विमानतळावर कडक तपासणी असते, म्हणून रोज लेकीला फोन करून विचारायचे, "आमसुलं चालतात का गं? आणि कुळथाचं पीठ?" पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. मार्चमध्ये सगळं जगच बंद झालं. तिकिटं रद्द झाली. "पुढच्या वर्षी जाऊ," हे म्हणाले. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, दहा दिवसांच्या आजारात हे गेले.

लेक येऊ शकली नाही. सगळं तिने फोनच्या पडद्यावर पाहिलं.

न्यूझीलंडच्या सीमा २०२२ मध्ये पूर्ण उघडल्या आणि वर्षअखेरीला ती आली. दारात बॅग ठेवली, माझ्या गळ्यात पडणार, तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, "आता येऊन काय उपयोग?" ती काही बोलली नाही. मीही बोलले नाही. त्यानंतर आमचे फोन होत राहिले. पण काय जेवलीस, पाऊस आहे का, नातीचा खोकला कसा आहे, एवढंच. ह्यांचा विषय आम्ही दोघी टाळत होतो.

म्हणून २०२३ च्या डिसेंबरात मी ऑकलंडला निघाले तेव्हा आनंदापेक्षा धाकधूकच जास्त होती. पर्समध्ये माझ्या पासपोर्टसोबत ह्यांचाही पासपोर्ट ठेवला होता. कोरा. एकही शिक्का नसलेला. का घेतला, ते मलाही सांगता आलं नसतं.

जमिनीची शेपटी

आठवड्याभराने लेक म्हणाली, "आई, आपण उत्तरेला जाऊ. अगदी टोकाला. तुला समुद्र आवडतो ना!" मला वाटलं, समुद्र तर माझ्या परसदारीच आहे, तो बघायला एवढ्या लांब कशाला? पण लेक बोलवत होती, निघाले.

न्यूझीलंडचा नकाशा बघितलात तर उत्तर बेटाच्या डोक्यावर एक लांब, निमुळती जमीन समुद्रात घुसलेली दिसेल. तो आउपोउरी द्वीपकल्प. एका बाजूला टास्मान समुद्र, दुसऱ्या बाजूला प्रशांत महासागर आणि मधे ही वाळूची, टेकड्यांची पट्टी. ऑकलंडहून तीनशेहून जास्त किलोमीटर गाडी हाकली की काइताइया नावाचं छोटं गाव लागतं. गावात शिरताना स्वागताची पाटी तीन भाषांत आहे: इंग्रजी, माओरी आणि चक्क क्रोएशियन! एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी क्रोएशियाच्या दाल्मेशिया किनाऱ्यावरून माणसं इथे आली, ती कौरी वृक्षाचा जमिनीत गाडला गेलेला डिंक खणून काढायला. हा डिंक वॉर्निशसाठी परदेशी जायचा. पुष्कळांनी इथल्याच माओरी मुलींशी संसार थाटले. पोटासाठी घर सोडणारे काय फक्त आपल्याकडचेच असतात?

काइताइयात मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहलीच्या बसमध्ये बसलो. लेक म्हणाली, "आपली गाडी तिथे न्यायची नाही. बस समुद्रावरून जाते." मी म्हटलं, "समुद्रावरून?" तर खरंच! इथला पश्चिम किनारा म्हणजे 'नाइन्टी माइल बीच'. ओहोटीला वाळू इतकी घट्ट होते की त्यावरून बस धावते. मात्र भरतीची वेळ चुकली, चाक रुतलं, की गाडी समुद्राची. भाड्याच्या गाड्या देणारे बहुतेक जण किनाऱ्यावर गाडी न्यायला साफ मनाई करतात, ते उगाच नाही.

नाव नव्वद मैलांचं असलं तरी किनारा आहे सुमारे ८८ किलोमीटरचा, म्हणजे पंचावन्न मैल. असं सांगतात की, पूर्वीचे मिशनरी घोड्यावरून दिवसाला तीस मैल जात. हा किनारा पार करायला तीन दिवस लागले, म्हणून त्यांनी हिशेब केला, तीन त्रिक नऊ! वाळूत घोडा हळू चालतो, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. आमचा गुहागरचा किनारा केवढा मोठा म्हणून आम्ही मिरवतो, तो सहा किलोमीटरच्या आसपास. इथे बस तासभर धावत होती तरी डावीकडे लाटा, उजवीकडे वाळूच्या टेकड्या आणि समोर नुसतं धुकं. माणूस औषधालासुद्धा नाही.

तोहेची गोष्ट

आमचे बसचालक साठीचे माओरी गृहस्थ होते. आवाज खणखणीत, स्वभाव मिश्कील. मधेच त्यांनी बस थांबवली आणि सगळ्यांना खाली उतरवलं. पाण्याच्या कडेला उभं राहून टाच वाळूत गोल फिरवायची, की पायाला शिंपले लागतात. त्यांना तुआतुआ म्हणतात. बाकीची मंडळी टाचा फिरवत राहिली, मला दोन मिनिटांत चार सापडले. चालक बघतच राहिले. लेकीने त्यांना सांगितलं, "माझी आई कोकणातली आहे. आमच्याकडे अशाच तिसऱ्या काढतात." याच किनाऱ्यावर तोहेरोआ नावाचा मोठा शिंपला मिळायचा. एके काळी तो डब्यात भरून विकला जाई. तो इतका काढला गेला की पार कमी झाला. आता लोकांना तो काढायला बंदी आहे; परंपरेच्या कार्यासाठी माओरींना तेवढी रीतसर परवानगी मिळते.

बस पुन्हा सुरू झाली आणि चालक म्हणाले, "या किनाऱ्याचं खरं नाव ते ओनेरोआ-आ-तोहे. म्हणजे तोहेचा लांब किनारा. तोहे कोण, सांगतो." लेक माझ्या कानाशी लागून मराठीत सांगत होती.

फार पूर्वी द्वीपकल्पाच्या उत्तर टोकाला तोहे नावाचा एक सरदार राहायचा. त्याची मुलगी रानिनिकुरा लग्न होऊन दूर दक्षिणेला गेली होती. म्हातारपणी तोहेला तिची ओढ लागली. लोक म्हणाले, तुम्ही थकलात, वाट लांबची आहे, जाऊ नका. तो म्हणाला, वारा सुटला तर माणूस आडोशाला जाऊन वाचतो, पण लेकीच्या ओढीपासून वाचायला आडोसा नाही. मी जाणार. वाटेत मेलो तर माझा आत्मा याच वाटेने परत येईल, तुम्ही त्याला धरून ठेवा. त्याच्या गावाला म्हणून कापोवाइरुआ म्हणतात. 'कापो' म्हणजे झेलणं, पकडणं आणि 'वाइरुआ' म्हणजे आत्मा.

तोहे हा सगळा किनारा चालत गेला. वाटेत झरा लागला, कडा लागला, विसाव्याची जागा लागली, की तो तिला नाव देत गेला. त्याने दिलेली नावं आजही इथे आहेत. पण लेकीच्या गावी तो पोहोचलाच नाही. आधीच वाटेत गेला.

सांगता सांगता लेकीचा आवाज थांबला. मी खिडकीबाहेर बघत होते. थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, "बाबा पण निघालेच होते ना गं."

तीन वर्षांनी आमच्या दोघींमध्ये 'बाबा' हा शब्द आला. मी तिचा हात धरला. बोलता काही येईना.

वाळूची घसरगुंडी

किनारा सोडून बस ते पाकी नावाच्या ओढ्यात शिरली. ओढ्यातून म्हणजे पाण्यातूनच! तळाची वाळू अशी चंचल की बस थांबवायची नाही, थांबली की रुतली. दोन्ही बाजूंना वाळूच्या प्रचंड टेकड्या. वाळवंट फक्त राजस्थानात असतं अशी माझी समजूत होती. इथे हिरव्या देशाच्या टोकाला वाळवंटच उभं होतं.

चालकांनी प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची फळी दिली. टेकडी चढायची, फळीवर पालथं पडायचं आणि खाली घसरत यायचं. नात तीनदा घसरून आली आणि माझ्या मागे लागली, "आज्जी, तू पण!" चौसष्ट वर्षांची मी, गुडघे कुरकुरणारे. पण अर्ध्या टेकडीपर्यंत चढले, ओढणी कमरेला घट्ट बांधली आणि देवाचं नाव घेऊन फळीवर पडले. खाली आले तेव्हा तोंडात, कानात, केसांत वाळू. लेक हसून हसून खाली बसली होती. दारातल्या त्या दिवसानंतर तिला असं मोकळं हसताना मी पाहिलंच नव्हतं.

आत्म्यांची उडी

तिथून पुढे भूमीचं टोक. त्याला इंग्रजीत केप रेइंगा म्हणतात, माओरीत ते रेरेंगा वाइरुआ, म्हणजे आत्मे जिथून झेप घेतात ती जागा. बसमधून उतरण्याआधी चालकांनी सांगितलं, "ही आमची पवित्र जागा आहे. इथे काही खाऊ-पिऊ नका." मी केलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा आम्ही येतानाच जवळच्या तापोतुपोतु नावाच्या खाडीवर संपवला होता, तेव्हा प्रश्न नव्हता. पण मला हे फार आपलंसं वाटलं. आपणही देवळात जाताना चपला बाहेर काढतोच की.

पायवाटेने दहा-पंधरा मिनिटं चाललं की छोटंसं पांढरं दीपगृह लागतं. ते १९४१ साली बांधलं. दहा मीटरच उंच, पण समुद्रापासून १६५ मीटर उंचीवर उभं. शेजारच्या खांबावर जगातल्या शहरांकडे तोंड केलेल्या पिवळ्या पाट्या. लोक तिथे फोटो काढायला गर्दी करतात. पण खरं बघायचं ते पुढे, समुद्रात. समोर दोन समुद्र एकमेकांना भिडताना चक्क डोळ्यांना दिसतात. रंग वेगळे, लाटांची दिशा वेगळी, मधे पांढऱ्या फेसाची रेघ आणि भोवरे. माओरी लोक टास्मानला रेहुआचा समुद्र म्हणतात, तो पुरुष. प्रशांत महासागर व्हिटिरेइयाचा, ती स्त्री. दोघं भेटतात, त्यातून सृष्टी जन्मते असं ते मानतात.

दीपगृहाच्या खाली, खडकाच्या अगदी टोकाला एक एकटंच झाड आहे. पोहुतुकावाचं. डिसेंबरात हे झाड लाल फुलांनी नुसतं पेटतं, वाटेत सगळीकडे बहरलेलं आम्ही पाहिलं होतं. पण टोकावरचं हे झाड कधी फुलत नाही, असं म्हणतात. आठशे वर्षांचं आहे, असंही म्हणतात. मिठाचं पाणी आणि वारा खात कातळाला धरून उभं आहे.

माओरींची श्रद्धा अशी की, माणूस गेला की त्याचा आत्मा देशभरातून निघून आम्ही आलो त्याच लांब किनाऱ्याने इथे चालत येतो. आपल्या गावाची खूण म्हणून बरोबर काही आणतो. डोंगराकडचा आत्मा झाडाचा पाला, समुद्राकडचा किनाऱ्यावरचं गवत. वाटेतल्या टेकडीवर एकदा मागे वळून गावाकडे बघतो, रडतो आणि ती खूण तिथे ठेवून देतो. मग या झाडाच्या मुळांवरून खाली समुद्रात उतरतो. तिथून दूरच्या मानावाताफी बेटावर निघतो. ओहाउ नावाच्या उंचवट्यावरून आपल्या भूमीकडे शेवटचं बघतो आणि पूर्वजांच्या हवाइकीला जातो. हवा स्वच्छ असली तर ते बेट इथून दिसतं. आम्हाला दिसलं. निळसर, पुसट.

चालकांनी आणखी एक सांगितलं. त्यांच्याकडे कुणी गेलं तर तांगी करतात. गेलेल्या माणसाला माराएत, म्हणजे सभागृहात, ठेवतात आणि दोन-तीन दिवस त्याला एकटं सोडत नाहीत. त्याच्याशी थेट बोलतात. गोष्टी सांगतात, हसतात, भांडणसुद्धा काढतात. काही मनात ठेवून त्याला पाठवायचं नाही. ते म्हणाले, "२०२० च्या टाळेबंदीत तांगी करायला बंदी होती. माझी बहीण तेव्हाच गेली. मला तिच्याशी बोलायला मिळालं नाही. मग मी पुढे इथे येऊन बोललो."

मी ऐकत राहिले. आजवर मी एकच धरून बसले होते, माझी मुलगी आली नाही. तेव्हा तिचं काय झालं असेल, हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

मी पर्स उघडली आणि ह्यांचा पासपोर्ट काढला. लेक बघतच राहिली. "आई, हा तू आणलास?" तिने पानं उलटली. सगळी कोरी. तिला हुंदका आवरेना. मग तिने सांगितलं. तेव्हा आमच्याकडून निघणारी विमानं अचानक बंद झाली होती. ती आली असती तर परत कधी जाता येईल याची खात्री नव्हती, विलगीकरणाची जागाच मिळत नव्हती, आणि घरात साडेतीन वर्षांचं पोर. हे गेले त्या रात्री फोन बंद झाल्यावर ती ऑकलंडच्या किनाऱ्यावर पहाटेपर्यंत एकटी चालत राहिली होती. हे मला आज कळत होतं, अडीच वर्षांनी.

मी म्हटलं, "त्या दिवशी दारात मी जे बोलले..."

"राहू दे गं आई."

"राहू नाही देणार. चुकले मी."

दोघी कितीतरी वेळ तिथे उभ्या होतो. नात आमच्या मधे शिरून विचारत होती, "आजोबा कुठे दिसतात?" लेकीने त्या पुसट बेटाकडे बोट केलं. ह्यांचे अंत्यसंस्कार आपल्या रीतीने झाले आहेत, ह्यांचा आत्मा इथे कशाला येईल, हे मला समजतं. तरी मी मनातल्या मनात ह्यांना म्हटलं, बघा, आणलं तुम्हाला. आमसुलंही चालली, विमानतळावर दाखवून आणली.

आणखी एक चालणारी

परतताना बस पक्क्या रस्त्याने आली. वाटेत ते हापुआ गावाकडे फुटणारा रस्ता लागला. देशाच्या अगदी उत्तरेची ही वस्ती. चालकांनी बसचा वेग कमी केला आणि विचारलं, "व्हिना कूपर हे नाव ऐकलंय?"

मी ऐकलं नव्हतं. ऐकलं तेव्हा वाटलं, आपल्या मैत्रिणींना हे सांगायलाच हवं. व्हिना कूपर १८९५ साली जन्मल्या. १९५१ मध्ये माओरी महिला कल्याण संघ स्थापन झाला, त्याच्या त्या पहिल्या अध्यक्षा. माओरींच्या जमिनी कायद्यांच्या आडून एकेक करून जात होत्या. १४ सप्टेंबर १९७५ ला, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, संधिवाताने त्रासलेल्या या आजी ते हापुआहून चालत निघाल्या. आता आमची एक एकरही जमीन जाऊ द्यायची नाही, ही मागणी. निघताना हातात छोट्या नातीचा हात. तो फोटो त्या देशात सगळ्यांना ठाऊक आहे. सुरुवातीला पन्नासेक माणसं होती. १३ ऑक्टोबरला, सुमारे हजार किलोमीटरनंतर, मोर्चा वेलिंग्टनच्या संसदेसमोर पोहोचला तेव्हा पाच हजार होती. त्याच वर्षी माओरींच्या तक्रारी ऐकण्यासाठी वाइटांगी न्यायाधिकरण स्थापन झालं. व्हिनाबाई १९९४ मध्ये गेल्या. पुढे २०१५ च्या कायद्याने या किनाऱ्याची काळजी घेण्यासाठी माओरी जमाती आणि स्थानिक प्रशासन यांचं मिळून एक मंडळ नेमलं गेलं. किनाऱ्याच्या सरकारी नावातही आता तोहे आहे.

नात माझ्या मांडीवर झोपली होती. तिचा वाळूने भरलेला हात माझ्या हातात होता. मला तो फोटो न बघताही दिसला.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी अनेकींच्या लेकी-लेक लांब आहेत. कुणी पुण्यात, कुणी परदेशात. अडीअडचणीला ती पोहोचली नाहीत, की आपल्या मनात गाठ बसते. आपण ती बोलून दाखवतो किंवा गिळून टाकतो. विचारून बघत नाही. तेव्हा तिकडे काय चाललं होतं, एवढं एकदा विचारून बघा. त्यासाठी न्यूझीलंडच्या टोकाला जायची गरज नाही. मला गरज पडली, तो माझा हट्टीपणा.

ह्यांचा पासपोर्ट मी लेकीकडेच ठेवून आले. आणि ओटीवरच्या घड्याळाचे काटे आता मी फिरवते. एप्रिलच्या पहिल्या रविवारी एक तास मागे, सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे. लेक फोनवरून आठवण करून देते, "आई, बाबांचं घड्याळ!"